कढईतला नवरदेव आणि माझा हुंकारा

चहा गरम आहे तोवर सांगून टाकतो, थंड झाला की मला लाज वाटायला लागते. तसंही मुकुटबनकडच्या निम्म्या गावांना माझी फजिती कळलीच आहे, मग तुमच्यापासून काय लपवायचं?

आमच्या वाचनालयाच्या मॅडमनी ठरवलं, गावातल्या म्हाताऱ्या माणसांच्या आठवणी त्यांच्याच आवाजात रेकॉर्ड करायच्या आणि कोणालाही येऊन ऐकता येतील अशा ठेवायच्या. काम दिलं मला. नववीत शाळा सोडलेल्या पोराला! मॅडम म्हणाल्या, "तू बोलत नाहीस, म्हणून तूच पाहिजे. नियम एकच. समोरचा बोलत असताना तोंडातून आवाज काढायचा नाही."

हे तर मला जन्मापासून जमतं.

पहिले शामराव आबाजी. त्यांच्या लग्नात पैनगंगेला पूर होता, पलीकडे नेणारा डोंगा वाहून गेलेला, मुहूर्त टळायला आलेला. तेव्हा गूळ काढायच्या कढईत बसून नदी पार केलेला नवरदेव म्हणजे हे. ती गोष्ट पूर्ण फक्त त्यांनाच ठाऊक, आणि सोमवारी आबाजी-आजी कायमचे पुण्याला मुलाकडे चालले होते. आता नाही तर कधीच नाही.

मी गेलो, मोबाईल समोर ठेवला, चूप बसलो. आबाजी जरासं बोलले आणि थांबले. मी मान हलवली. त्यांना मोतीबिंदू, मान कुठली दिसते? पुन्हा एक वाक्य, पुन्हा थांबले.

"झोपला काय रे?"

मी आणखी जोरात मान हलवली.

आबाजींनी आत आवाज दिला, "अवं, पानी आन. हे पोरगं बसल्या बसल्या गेलं वाटते."

आजी पाणी घेऊन आल्या. मला जिवंत पाहून म्हणाल्या, "हुंकारा दे ना बाप्पा. भिताडाले गोष्ट सांगते काय कोनी?"

बरोबरच होतं. ऐकणाऱ्याने 'हं' म्हटल्याशिवाय आपल्याकडे गोष्ट पुढे सरकते का?

दुसऱ्या दिवशी मी नियम मोडला. मोबाईल समोर ठेवलाय हे कळलं की आबाजी फोनवर बोलल्यासारखे ओरडायचे, म्हणून तो शर्टाच्या खिशात ठेवला, आणि दिला हुंकारा. आबाजी असे रंगले की कढईत ते बसले होते की मी, तेच कळेना. शेजारी कूलर घरघरत होता. तिकडे लक्ष कोणाचं?

घरी येऊन रेकॉर्डिंग ऐकलं नाही. स्वतःचा आवाज ऐकायची मला लाज वाटते. काय करता!

रविवारी वाचनालयात गाव जमलं. आबाजी-आजी पुढे खुर्चीत. ऐकताना अडथळा नको म्हणून मॅडमनी सगळ्यांचे मोबाईल बंद करायला लावले. माझा तेवढा स्पीकरला जोडला.

स्पीकरमधून आली कूलरची घरघर. आबाजींचा आवाज तिच्यात पार बुडालेला. मग चौकापर्यंत ऐकू जाईल असा माझा आवाज, "हं."

घरघर.

"हं, मंग?"

घरघर.

"अरे बाप रे!"

लोक खिदळायला लागले. मी सतरंजीचं टोक उचलून खाली जागा आहे का ते पाहिलं.

आबाजी मात्र हसले नाहीत. त्यांना वाटलं, कोणीतरी खरंच विचारून राह्यलं. पुन्हा "मंग?" आलं तसे ते म्हणाले, "मंग काय, मामानं कढईले दोर बांधला."

स्पीकर म्हणाला, "हं."

"अन् मधल्या धारेत कढई गरगर फिरे. तोंड घडीत नवरीच्या गावाकडं, घडीत आपल्या घराकडं. मले वाटे, कढई म्हणून राह्यली, अजून इचार कर."

बायकांनी तोंडाला पदर लावले. गाव पुढे सरकून बसलं.

"पडले काय?" स्पीकरने विचारलं.

"पडतो कायले? जुना गूळ होता तिच्यात. धोतरासकट चिकटलो होतो."

आजी शांतपणे म्हणाल्या, "म्हणून तं मांडवात नवरदेव आला अन् धोतर कढईतच राह्यलं."

असा हशा झाला की टिनाचं छप्पर वाजलं. आता सगळं गाव हुंकारा देत होतं, आणि सगळ्यात मोठा माझा.

गोष्ट संपली. मॅडम डोळे पुसत माझ्याजवळ आल्या. "अशी गोष्ट मी जन्मात ऐकली नव्हती. या वेळी तरी रेकॉर्ड झाली ना रे?"

मी अजून कढईतच होतो. सवयीने म्हणालो, "हं."

मग मोबाईलकडे पाहिलं. तो बिचारा स्पीकरला जोडलेला, अजूनही माझ्याच आवाजात विचारत होता, "हं, मंग?"