खिडकीतली राणी

शशिकलाबाईंचं सगळं आयुष्य दुसऱ्यांच्या चुका काढण्यात गेलं. पनवेलच्या जुन्या बाजारातल्या एका छापखान्यात त्यांनी सत्तावीस वर्षं प्रूफं तपासली. लग्नपत्रिका, गाईडं, दिवाळी अंक, जत्रेची हँडबिलं, काय वाटेल ते. निवृत्तीनंतर त्या एकाच लेखिकेची प्रूफं तपासत, ती म्हणजे त्यांची मुलगी वल्लरी.

वल्लरी रोडपालीला राहायची. दिवसा मालवाहतुकीच्या ऑफिसात नोकरी आणि उरलेल्या वेळात अद्भुत कादंबऱ्या. एकाच राज्याची गोष्ट, पाच भागांत. चार छापून झाले होते.

पहिला भाग वाईट होता. बर्फाचे डोंगर, आग ओकणारे सर्प, पानोपानी तळपणाऱ्या तलवारी.

"अगं, बर्फ तू फ्रिजमध्येच पाहिलायस," शशिकलाबाई म्हणाल्या होत्या.

"आई, अद्भुत आहे ते. पाहिलेलं लिहायचं तर तुझ्या भिशीवर लिहीन की!"

पण त्या सगळ्या दणदणाटात एका पानावर राणीची धाकटी बहीण किल्ल्यातून बाहेर पडून भर दुपारी समुद्राकडे चालत जाते, आणि तिथे दोन साधी वाक्यं होती : 'राणी खिडकीत उभी होती. तिने हाक मारली नाही.'

शशिकलाबाईंचं लाल पेन तिथे थांबलं. खोलीत खाडीच्या चिखलाचा वास आला. त्या खिडकी लावायला उठल्या, तर खिडकी लावलेलीच होती. परत बसून त्यांनी त्या दोन वाक्यांवर काट मारली आणि समासात लिहिलं, 'अनावश्यक. वगळा.' वल्लरीने काही न विचारता वगळली. भाषेच्या बाबतीत त्या घरात आईचाच शब्द शेवटचा असे.

शशिकलाबाईंचं माहेर गव्हाणचं, मिठागरवाल्यांचं. त्यांची धाकटी बहीण रंभा सासरहून परत आलेली होती. ती पाण्याशी बोलते, असं गावात म्हणत. शशिकलाबाईंना धास्ती होती ती वेगळ्या कारणाने. रंभा आठ वर्षांच्या वल्लरीला घेऊन बांधावर जायची, जिथे भरतीचं पाणी आत-बाहेर सोडायची उघाडी होती, थेट तिच्या फळ्यांवर जाऊन बसायची. मे महिन्याच्या सुट्टीत दोघी बहिणींचं त्यावरूनच वाजलं.

"पुन्हा माझ्या पोरीला तिकडे नेलंस तर बघ!"

रंभा हसली. "तुजी पोर काय मिठाची हाय? इरघळंल पाण्यात?"

"तुला जायचंय ना? मग जा. एकटी जा."

"जातंय की. पानी मना बोलवतंय. तुला नाय आयकू येत, ताई?"

भर दुपारी ती अनवाणीच निघाली. अमावास्येचं उधाण होतं, भरती लागली होती. शशिकलाबाई खिडकीचे गज धरून बघत राहिल्या. हाक मारली असती तर ऐकू गेली असती एवढंच अंतर होतं. थोडा वेळ तरी घरात शांतता राहील, असं त्यांच्या मनात आलं. बस, एवढंच आलं. संध्याकाळी रंभा उघाडीच्या फळ्यांना अडकलेली सापडली. पोलीस पाटलाने विचारलं तेव्हा त्या म्हणाल्या, "मी झोपले होते." वल्लरी चटईवर त्यांच्या पायाशी झोपलेली होती. झोपलेली होती, असं त्या सव्वीस वर्षं धरून चालल्या होत्या.

दुसऱ्या भागात बर्फ वितळला. डोंगर कर्नाळ्याच्या सुळक्यासारखा दिसू लागला, अंगठा वर केल्यासारखा. बुडालेली बहीण मीठ होऊन परत आली. ती ज्या दाराशी जाई तिथे पांढरी पावलं उमटत, आणि ती एकच विचारी : 'मला जाताना कोणी पाहिलं?' शशिकलाबाईंनी त्या भागातला खिडकीचा हलणारा पडदा काढून टाकला. तिसऱ्या भागात तलवारी गेल्या. मिठागरं आली, टाचांना पडलेल्या भेगा आल्या, आणि एका पानावर बहीण राणीला म्हणाली, 'तुझी मुलगी काय मिठाची आहे? विरघळेल पाण्यात?'

शशिकलाबाईंना तो आवाज ऐकू आला, पाठीमागून, स्वयंपाकघराच्या दाराशी. त्या वाक्याला हात लावायचं त्यांना धाडस झालं नाही. खिडकी मात्र त्यांनी याही वेळी खोडली. चौथ्यात त्यांनी एकच शब्द खोडला, 'गज'.

"काकू, पोरीचा हात बघा कसा सुधारत गेलाय!" प्रकाशक सत्यजीत सर म्हणायचे. "पहिला भाग वाचवत नाही, चौथा खाली ठेववत नाही. काय जादू झाली?"

"सराव," शशिकलाबाई म्हणायच्या. घरी आल्यावर त्या चारही भागांची जुनी प्रूफं काढून बसायच्या. लाल रंग भागागणिक कमी होत गेलेला त्यांना दिसायचा.

आता पाचवा भाग. यात बहिणीला उत्तर मिळायला हवं होतं. वाचक तेच विचारत होते, राणी काय सांगणार?

प्रूफं घेऊन वल्लरी स्वतः आली. चहा घेतला, पण आईकडे नीट पाहिलं नाही.

"या वेळी तुला काही काढावं लागणार नाही, आई."

"म्हणजे काय?"

"वाच ना. सोमवारी सरांना द्यायचीत."

ती गेल्यावर शशिकलाबाईंनी चष्मा पुसला. भर दुपार होती. नव्या विमानतळावरून उठलेलं विमान डोक्यावरून गेलं आणि तावदानं थरथरली. गव्हाणचं घर पाडून तिथे इमारत झाली होती, ती खिडकीही राहिली नव्हती. आता ती असलीच तर या कागदांत असणार होती. त्या एकेक पान उलटत गेल्या. मजकूर इतका सुरेख होता की पेनाचं टोपण काढायचीही गरज पडली नाही. मग ते पान आलं. मिठाची बहीण राणीच्या दाराशी उभी राहून विचारते, मला जाताना कोणी पाहिलं?

'राणी झोपली होती. तिला काहीच कळलं नाही. बहिणीने तिला क्षमा केली आणि सुवर्णप्रकाशात ती विलीन झाली.'

शशिकलाबाईंनी श्वास सोडला. सुटले, असं त्यांना वाटलं. त्यांनी पान पालथं घातलं, पाणी प्यायल्या, आणि सत्तावीस वर्षांच्या सवयीने ते पान पुन्हा वाचलं. सुवर्णप्रकाश? हा तर पहिल्या भागातला बर्फ होता. चार पुस्तकं चढत आलेली पोर इथे, शेवटच्या पायरीवर, मुद्दाम खाली उतरली होती. आणि कोणासाठी उतरली, हे सांगायला तिसऱ्या माणसाची गरज नव्हती.

त्यांनी फोन लावला.

"वलू, दोनशे चौदा पानावर चूक आहे."

"कसली? छपाईची?"

"नाही. राणी झोपली नव्हती."

पलीकडे ऑफिसचा गलबला होता. मग दार लागल्याचा आवाज आला आणि गलबला थांबला.

"मला माहीत आहे, आई."

"तू जागी होतीस?"

"तुझ्या पदराचं टोक माझ्या मुठीत होतं. तू दाराकडे गेली असतीस तर ते सुटलं असतं. ते सुटलंच नाही."

शशिकलाबाईंनी पुढ्यातलं पान सरळ केलं.

"तेच राहू दे," वल्लरी हळूच म्हणाली. "पुस्तक थोडं कच्चं राहिलं तर राहिलं. लोकांना काय कळतंय?"

"मला कळतं ना. चार वेळा मी तुझं बरोबर असलेलं खोडलं. आता चुकलेलं तसंच सोडू?"

फोन ठेवून त्यांनी लाल पेन उघडलं. 'झोपली होती'वर काट मारली, 'काहीच कळलं नाही'वरही. क्षमा आणि सुवर्णप्रकाश सबंध खोडले. वर लिहिलं, 'खिडकीत उभी होती. तिने हाक मारली नाही.'

चिखलाचा वास आला. या वेळी त्या खिडकी बघायला उठल्या नाहीत. दाराशी कोणीतरी अनवाणी उभं आहे, असं त्यांना वाटलं, आणि त्यांनी मान वर न करता समासात आणखी एक ओळ लिहिली. ती वल्लरीला ठाऊक असणं शक्यच नव्हतं, कारण तिचे डोळे मिटलेले होते :

'उघाडीजवळ पोचल्यावर बहिणीने एकदा मागे वळून खिडकीकडे पाहिलं. राणी आत सरकली.'