दोन पियानोंवर चौघी

रामदासपेठेतल्या एका हॉलमध्ये दोन पियानो आहेत. ते ज्या सरांच्या ताब्यात आहेत, त्यांची समजूत अशी की पियानो दोन म्हणजे वाजवणारेही दोनच. असल्या अकलेला काय म्हणावं!

माझ्याकडे पियानो शिकतात चौघी. मी स्वतः जुन्या पुस्तकांवरून बोटं बसवली, तशीच त्यांचीही बसवली. त्यातली एक कन्हानची, निवृत्त नर्स, रविवारी बस पकडून येते. बोटं सावकाश चालतात तिची, पण चुकत नाहीत. त्या हॉलमध्ये आमचा कार्यक्रम ठरला तेव्हा सर तिच्या तोंडावर म्हणाले, "दोघीच घ्या. तिसरीले पुढच्या साली पाहू. अन् या बाई काय, बसतील समोर टाळ्या वाजवायले."

ती हसली बिचारी. पुढच्या रविवारी आलीच नाही.

मग मीही हट्टाला पेटले. एका पियानोवर दोघी, अशी चौघींची रचना असते हे मला ठाऊक होतं. महाल भागातल्या वाद्यवाल्याने माझ्या हातात हार्मोनियमचं पुस्तक ठेवलं. निदान सरांसारखी विद्वत्ता तरी नाही पाजळली. शेवटी भाचीने इंटरनेटवरून तशी एक रचना शोधून दिली. त्यातला एक भाग थेट नर्सबाईंच्या बोटांचा, खालच्या सुरांचा, संथ.

चौघी वाजवणार हे सरांना ठणकावून सांगितलं, तर छापायचं काम त्यांनी मोठ्या ऐटीत अंगावर घेतलं. आता या रचनेच्या वहीत डावं पान डावीकडे बसणारीचं, उजवं उजवीकडचीचं. दोन्ही एकाच वेळी समोर उघडी लागतात. या शहाण्याने कागद वाचवायला पाठपोट छापून आणलं! एकीचं पान दुसरीच्या पानाच्या पाठीवर.

"त्यात काय एवढं? आळीपाळीनं वाजवा," सर म्हणाले.

"मंग तबलजीच्या दोन्ही हातायलेही पाळी लावून द्या ना सर," मी म्हटलं. त्यांना ते कळलंही नाही. मान डोलावली त्यांनी!

मी पुन्हा एकेरी छापून घेतलं, पुठ्ठ्यावर चिकटवलं आणि कन्हानची बस धरली.

"काहून येऊन नाही राहिली वं?"

"मले कुठी जागा आहे तिथं?"

"हे पान पाह्य. डावीकडचं. हे कोणी वाजवलं नाही तर बाकीच्या तिघी नुसत्या अधांतरी."

तिने चष्मा लावला, ओळीवरून बोट फिरवलं. "इतकं सोपं?"

"सोपं आहे म्हणूनच सरायले दिसलं नाही."

रविवारी ती सगळ्यांच्या आधी आली. डावीकडची खुर्ची ओढून बसली आणि शेजारणीला म्हणाली, "जराशी सरक वं, माझा कोपर मोठा आहे."