तोरणमाळला नेलेली चार पुस्तकं आणि घरी राहिलेलं एक

आमच्या घरात सहलीचं ठिकाण ठरायला पाच मिनिटं लागतात आणि पुस्तकं ठरायला पंधरा दिवस. मे महिन्यात सुरतमध्ये राहणं म्हणजे काय ते इथे राहणाऱ्यांना सांगायला नको. सापुतारा तीनदा झालंय, दमणला माझा नवरा नको म्हणाला, म्हणून तोरणमाळ. नंदुरबार जिल्ह्यातलं, सातपुड्यातलं, गर्दी नसलेलं. जूनमध्ये जुई, आमची मुलगी, बडोद्याला होस्टेलवर जाणार, म्हणजे आम्हा सगळ्यांची ही शेवटची निवांत सुट्टी. तिच्या हातात माझ्या आवडीचं एक तरी मराठी पुस्तक पडावं आणि ते तिनं आपणहून वाचावं, एवढीच माझी त्या सुट्टीकडून मागणी होती.

मी मराठी माध्यमाच्या शाळेत मराठी शिकवते. माझी मुलगी मात्र इंग्रजी माध्यमातली, मैत्रिणींशी गुजराती बोलणारी. लहानपणी तिला रोज एक पान मोठ्यानं वाचायला लावायचे. चौथीनंतर तिनं मराठी पुस्तकाला हात लावला नाही. हे मला शाळेतल्या बायका कधी विचारत नाहीत, पण त्यांच्या मनात असतंच.

आमचा नियम असा की गाडीत प्रत्येकी दोनच पुस्तकं. डिकी लहान आहे आणि मी एकदा अकरा नेली होती. नवरा वाचत नाही, त्यामुळे त्याचीही दोन माझ्याकडे येतात. माझी चार मी खास जुईसाठी निवडली. एका खेड्यातल्या नर्सबाईंचं आत्मचरित्र, एक समुद्रप्रवास, एक बारीकशी कादंबरी आणि कवितांचं एक पुस्तक. पलंगावर मांडायची, दोन काढायची, परत ठेवायची. नवरा दारात कपडे घेऊन उभा. "तुझी लायब्ररी झाली की सांग, मग मी चड्डी-बनियन ठेवतो."

जुईला विचारलं, तुझी दोन कुठली? म्हणाली, "माझी मी बघते."

निघायच्या आदल्या संध्याकाळी तिची पिशवी भरायला घेतली (हो, अठरा वर्षांच्या मुलीची पिशवी मी अजून भरते) तर टॉवेलच्या आत एक जाडजूड पुस्तक. मुखपृष्ठच नाही. रद्दीतून आलेलं असावं. वर जांभळ्या साडीच्या तुकड्याचं हातानं शिवलेलं कव्हर. आत खूण म्हणून सोनेरी लेस. मराठी पुस्तक होतं.

"हे कोणाचं?"

"मोठी आईचं. आमची तेरा प्रकरणं झाली."

मोठी आई म्हणजे माझी मोठी जाऊ, सुमनताई. आमचे भाऊजी कडोदऱ्याला कापडाच्या लूमवर आहेत, दोघं सुरतच्याच कडेला, कोसाडला राहतात. खानदेशात मोठ्या काकूला मोठी आई म्हणतात, त्यात वावगं काही नाही. पण मला जुई मम्मी म्हणते आणि आई हा शब्द तिकडे वापरते, हे मी अठरा वर्षं ऐकत आलेय.

हळूहळू सगळं बाहेर आलं. सुमनताई घरी साड्यांवर खडे चिकटवण्याचं काम करतात. दहावीपर्यंत शिकलेल्या आहेत, वाचायची आवडही आहे, पण दिवसभर एका हाताला गोंद आणि दुसऱ्या हातात खडा, पुस्तक धरणार कशी? तर दर शनिवारी जुई कोसाडला जाते ती, मला वाटायचं तशी, स्वयंपाक शिकायला नाही, तर त्यांच्यासमोर बसून पुस्तक मोठ्यानं वाचायला. वर्षभर चाललंय. तीन पुस्तकं झाली, हे चौथं.

मला आनंद व्हायला हवा होता. मला राग आला. राग नाही, सरळ सांगायचं तर जळले मी. पंधरा वर्षं मी आणलेली पुस्तकं, वाढदिवसाला दिलेली, समासात तिच्यासाठी पेन्सिलीनं खुणा केलेली, आणि ही पोरगी वाचते कोणासाठी, तर रद्दीतल्या रहस्यकथेवर साडीचा तुकडा शिवणाऱ्या बाईसाठी.

सकाळी सगळे गाडीत बॅगा ठेवत होते तेव्हा मी ते पुस्तक जुईच्या पिशवीतून काढलं आणि कपाटात, हिवाळ्याच्या रजयांच्या मागे सरकवलं. त्या जागी माझी नर्सबाई ठेवली. हे सगळं मी शांत डोक्यानं केलं, तेही इथे लिहून ठेवते.

पहाटे सहाला निघालो. कोसाडला सुमनताई आधीच खाली उभ्या. सहलीला दोघांनाही बोलावलं होतं, पण भाऊजींना सुट्टी मिळाली नव्हती, त्या एकट्याच येणार होत्या. गाडीत बसताच पहिला प्रश्न, "पुस्तक लिधं का व?"

"लिधं," जुई म्हणाली. घेतलं. ती त्यांच्याशी मध्येमध्ये अहिराणीत बोलते, हेही मला नवीनच होतं.

ज्यांना जायचंय त्यांच्यासाठी: कडोदरा ओलांडेपर्यंत टेम्पो आणि कंटेनर जीव खातात, म्हणून उजाडायच्या आत शहराबाहेर पडा. पुढे बारडोली, व्यारा, सोनगढ, रस्ता उत्तम. बारडोलीला पात्रा, म्हणजे आपली अळूवडी, खाल्लाच पाहिजे. गरम, वर तीळ, आणि सोबत तळलेली मिरची. नवापूरला महाराष्ट्र लागतो आणि चहा लगेच गोड होतो. नंदुरबारकडे वळलात की वाटेत वाळत टाकलेल्या लाल मिरच्यांचा वास नाकात जातो, काच वर करा. प्रकाशाला तापीवरचा पूल आहे. आपल्या सुरतची नदी इथे किती निवांत असते ते पाहायला पाच मिनिटं थांबा. शहाद्याला शेवभाजी आणि भाकरी खाल्ली, चौघांचं जेवण सुरतेतल्या एका पिझ्झ्याच्या पैशांत झालं. पेट्रोलही शहाद्यालाच भरून घ्या, वर घाटात वळणांवर वळणं आहेत आणि भरवशाचा पंप नाही.

मी पुढे बसले होते. मागे त्या दोघी. अख्खा रस्ता मला पुस्तकातल्या माणसांची नावं ऐकू येत होती. कोणी एक घड्याळवाला, कोणी धाकटी सून.

"मना तर त्या घड्याळवालावर भरोसा नही."

"पण मोठी आई, चावी तर सुनेकडे होती ना?"

"चावी काय, कोनीबी दी जास."

नवऱ्यानं मला विचारलं, कोण घड्याळवाला? मी म्हटलं, मला काय विचारतोस.

तोरणमाळला पोहोचलो तेव्हा अडीच वाजले होते. हवा खरंच थंड. आदिवासींच्या घरांच्या छपरांवर आमचुरासाठी कैरीच्या फोडी वाळत होत्या. तलावाजवळ दोन खोल्या मिळाल्या. चादरी स्वच्छ, गरम पाणी बादलीनं. मोबाइलला रेंज कधी असते, कधी नसते. वाचायला याहून चांगली जागा मिळणार नाही, हे मीच सगळ्यांना पंधरा दिवस सांगत होते.

चारला चहा झाला आणि जुईनं पिशवी उघडली. मग उलटी केली. मग गाडीत जाऊन आली. डोळ्यांत पाणी यायचं बाकी होतं.

"मम्मी, मी ठेवलं होतं. टॉवेलमध्येच होतं."

मी नर्सबाईंचं पुस्तक पुढे केलं. "हे आहे ना. हे वाच की."

सुमनताई मात्र शांत. "राहू दे, माय. पुस्तक काय पाय लायीसन पयी जास का? घरच सापडी."

जुईनं माझं पुस्तक घेतलं आणि त्यांच्याजवळ जाऊन बसली. मला वाटलं, आता. याच क्षणासाठी तर पंधरा दिवस घालवले. ती वाचायला लागली. चांगलं वाचत होती, कुठेकुठे अडखळत. पहिल्याच पानावर एका शब्दाचा उच्चार चुकला, मी दुरुस्त केला. चार ओळींनी पुन्हा. मी पुन्हा सांगितलं. तिसऱ्यांदा मी एवढंच म्हणाले, "इथे थोडं थांबून वाच, अर्थ नीट लागतो." तिनं पुस्तक मिटलं.

"जवा दे ने, मम्मी." जाऊ दे ना, गुजरातीत.

सुमनताई भिंतीला टेकून झोपल्या होत्या. जाग आल्यावर जरा ओशाळून म्हणाल्या, "चांगलं शे पुस्तक. हात रिकामा ऱ्हायनात म्हनजे माले झोप येस."

दुसऱ्या दिवशी सकाळी सीताखाई पाहिली. दरी खोल आहे, कठड्याजवळ मुलांचा हात धरा. खालून वारा असा येतो की टोपी राहत नाही. तिथे एका बाईकडून आमचूर घेतलं, चिंचेपेक्षा जास्त आंबट आणि जास्त चवदार. दुपारी तलावावर सावलीत बसलो. आणि तिथे जे झालं त्यानं माझी उरलीसुरली सुट्टी गेली.

पुस्तक नव्हतं, म्हणून त्या दोघींनी पुढची गोष्ट स्वतःच रचायला घेतली. घड्याळवाल्याचं काय होईल, धाकटी सून माहेरी जाईल की नाही, विहिरीत काय सापडेल. सुमनताईंच्या हातात पातळाचा पदर, त्याचे निघालेले धागे त्या एकेक करून तोडत होत्या. जुई तळ्याकडे पाय सोडून बसलेली. एक म्हणायची, मरेल. दुसरी म्हणायची, त्याला नको, मुनिमाला मारू. दोघी इतक्या हसल्या की नवऱ्यानं झोपेतून उठून पाहिलं. पुस्तक असतं तर वाचून झालं असतं, एवढंच. माझ्यामुळे ते आता तळ्याएवढं झालं होतं, आणि मी काठावर चार उत्तम पुस्तकं घेऊन बसले होते.

मी एकदा मध्ये बोलले. "सुनेला नवरा आहे का?"

दोघींनी वळून माझ्याकडे पाहिलं. जुई म्हणाली, "आहे ना. पहिल्याच प्रकरणात." आणि सुमनताईंनी, मला वाईट वाटू नये म्हणून, मला तिसऱ्या प्रकरणापर्यंतची गोष्ट सांगितली. मी ऐकली नाही. मी त्यांच्या हातांकडे पाहत होते. बोटांच्या पेरांना गोंदाचे वाळके पापुद्रे होते, सुट्टीतही निघालेले नव्हते.

तिसऱ्या दिवशी परत. घाट उतरताना, प्रकाशाच्या पुलावर, बारडोलीच्या त्याच पात्र्याच्या दुकानात, प्रत्येक ठिकाणी मी ठरवलं की आता सांगावं. सांगितलं नाही. कोसाडला सुमनताई उतरल्या, जुईला म्हणाल्या, "सापडनं की लयी ये." सापडलं की घेऊन ये. माझ्याकडे पाहून हसल्या. त्यांना काही संशय आला होता की नाही, मला आजही ठरवता येत नाही.

घरी आल्यावर कपडे धुवायला टाकायच्या आधी मी रजया बाजूला केल्या आणि पुस्तक जुईच्या समोर ठेवलं.

"मीच काढलं होतं."

तिनं विचारलं नाही, का. हे मला जास्त लागलं, म्हणजे तिला माहीत होतं. तिनं लेस बोटाला गुंडाळली. मग म्हणाली, "तू वाचलंस?"

"नाही."

"एक पानही नाही?"

"नाही."

"मग नुसतंच लपवून ठेवलंस?" आणि थोड्या वेळानं, दुसऱ्या खोलीतून, "शनिवारी चल."

शनिवारी कोसाडला गेले. दोन खोल्यांचं घर, मधोमध पसरलेली मोरपिशी साडी, वाटीत खडे. मी खुर्ची शोधत होते. सुमनताई म्हणाल्या, "खाले बठ. हाई पदर धर." मांडीवर साडीचा एक काठ आला, हातात गोंद. इथे ऐकायला बसायचं तर हात चालू हवेत, अशी तिथली पद्धत. जुईनं चौदावं प्रकरण काढलं.

ती वाचत होती. दुसऱ्या पानावर एक शब्द चुकला. माझं तोंड उघडलं आणि गोंदाचा थेंब साडीवर पडला, त्यावर घाईत मी खडा बसवला, तो वाकडा बसला. सुमनताईंनी हात लांब करून तो खडा नखानं उचलला आणि सरळ ठेवला. माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. पुढचाही वाकडा बसला. तोही त्यांनी सरळ केला. जुई क्षणभर थांबली होती.

"वाच, माय. थांबनी कसाले?"

त्या दुपारी मी नऊ का दहा खडे वाकडे लावले असतील. एकदाही मला सांगितलं गेलं नाही. जुई किती शब्द चुकली ते मला नेमकं माहीत आहे, पण तो आकडा मी कुणाला सांगितलेला नाही.

घड्याळवाला निर्दोष निघाला. सुमनताईंना ते मुळीच पटलेलं नाही.

तोरणमाळला जरूर जा. मे चालेल, पावसानंतर जाल तर तळी भरलेली असतील. पुस्तकं कुठली न्यावीत हे मात्र मला विचारू नका. मी त्या दोघींवर अजूनही जळते, दर शनिवारी कोसाडच्या जिन्यावर थोडी जास्तच.

आज जुईची होस्टेलची बॅग पलंगावर उघडी आहे. तिथेही कपाट लहान, म्हणून घरचाच नियम, दोन पुस्तकं. एका कोपऱ्यात जांभळ्या कव्हरचं ते पुस्तक तिनं ठेवलंय, मोठी आईनं तिला देऊन टाकलं. त्याच्या शेजारी एका पुस्तकापुरती जागा मोकळी आहे. माझी चारही कपाटात आहेत, बॅगेपासून दोन पावलांवर. मी सकाळपासून तीनदा त्या खोलीत जाऊन आले, आणि अजून त्या जागेत काहीही ठेवलेलं नाही.