मराठी घेतलं तेव्हा
ओल्या फळ्याचा वास आला की साताऱ्यातलं ते कॉलेज आठवतं. एकाहत्तरच्या लढाईनंतर फौजेतून सुटून आलो आणि अर्धवट राहिलेलं बी.ए. पुरं करायला गेलो. प्राध्यापकांनी विचारलं, "विषय कोणता घेणार?" मी सावधान उभा राहून म्हणालो, "तुमी हुकूम द्याल तो, साहेब." ते हसले. "इथं हुकूम नसतो हो. तुम्हाला काय आवडतं?" इतक्या वर्षांत हे कुणी विचारलंच नव्हतं. मी म्हणालो, "मराठी. तिकडं पलटणीत आपली भाषा बोलायला कुणी न्हवतं." मग वर्गात शिरलो, तर माझ्या मिशा बघून सगळी पोरं उठून उभी राहिली. सर आले असतील म्हणून मी मागं वळून पाहिलं. मागं कुणीच नव्हतं. अजूनही एसटीत कुणी माझ्यासाठी उठलं, की मी आधी मागं बघतो.