सरळ धरायचा कॅमेरा

खटकेकाकांच्या घरात बर्फाचा ट्रे बर्फासाठी कधी मिळायचा नाही. त्याच्या खणाखणांत स्क्रू बसलेले असत, कॅमेऱ्यातून ज्या क्रमाने निघाले त्याच क्रमाने. बायकोने नवा ट्रे आणला की आठवड्याभरात तोही दुरुस्तीच्या टेबलावर जाई. "पाहुण्यांच्या पाण्यात आता स्क्रू घालून देते," ती म्हणे. काका डोळ्याला भिंग लावून ऐकलं न ऐकलंसं करत.

छापखान्यातली नोकरी संपल्यापासून काकांनी जुन्या, फिल्मच्या कॅमेऱ्यांचा ध्यास घेतला होता. कुणाच्या माळ्यावर पडलेला, कुणाच्या सासऱ्यांनी जपलेला, असा कुठलाही कॅमेरा त्यांच्याकडे येई. आतलं वंगण सुकून गोंद झालेलं असे, दाराच्या कडेचा स्पंज वितळून डांबरासारखा चिकटलेला असे. काका ते सगळं खरवडत, पुसत, आणि शेवटी कॅमेरा कानाशी धरून खटका दाबत. आवाज मनासारखा आला तरच हसत. त्यावरूनच खटकेकाका हे नाव पडलं.

दुरुस्त झालेले कॅमेरे कपाटात ठेवण्याऐवजी त्यांनी रविवारी सकाळची फोटोमंडळी सुरू केली. दारावर पाटी लावली, 'कुणीही यावं. कॅमेरा इथे मिळेल.' पहिल्यांदा खोली वाचनालयाच्या वरच्या मजल्यावर होती. चाकांच्या खुर्चीतल्या एक बाई जिन्याशी येऊन परत गेल्या, तेव्हा काकांनी ग्रंथपालाशी भांडून तळमजला मिळवला. ऐकू न येणारी एक शिंपीण यायला लागली, तर काका तिच्याकडे तोंड केल्याशिवाय बोलेनात. माणूस मनाचा मोठा, यात कुणाचं दुमत नव्हतं.

फक्त एका गोष्टीत हट्टी. कॅमेरा धरायचा कसा, हा त्यांचा पहिला धडा. उजव्या हाताने अंग धरायचं, डावा खालून भिंगाला, कोपरं छातीशी. कुणाचा हात जरा वाकडा दिसला की काका उठून सरळ करणारच.

मग अक्का यायला लागल्या. काकांच्या थोरल्या बहीण. अर्धांगाच्या झटक्यातून देवाच्या कृपेने उठल्या, बोलणं परत आलं, चालणं परत आलं. उजवा हात मात्र मांडीवर ठेवलेल्या पिशवीसारखा पडून राहिला. घरात सगळे त्यांना जपत होते, म्हणजे काहीच करू देत नव्हते. सून हातातला पेलासुद्धा काढून घेई. अक्कांना एक तरी गोष्ट अशी हवी होती जी त्यांची त्या करतील. पहिल्याच रविवारी त्यांनी टेबलावरचा काळा कॅमेरा डाव्या हाताने उचलला आणि डोळ्याला लावला.

"अगं, उलटा धरलास," म्हणत काकांनी तो हळूच त्यांच्या हातात सरळ करून दिला. कॅमेरा सरळ झाला आणि खटका गेला उजवीकडे, निकामी हाताच्या बाजूला. अक्कांनी खटक्याकडे पाहिलं, आपल्या हाताकडे पाहिलं, आणि कॅमेरा परत टेबलावर ठेवला.

"काळजी करू नकोस. मी खटका डावीकडे आणतो," काका म्हणाले.

तिथून घरात जे सुरू झालं त्याला बायको 'ते प्रकरण' म्हणे. काकांनी कॅमेऱ्याखाली पट्टी बसवली, तिला डाव्या बाजूने मूठ लावली, मुठीतून तार काढून खटक्याला जोडली. तार ताठ ठेवली तर खटका आपोआप पडे, सैल सोडली तर पडतच नसे. फिल्म पुढे सरकवायची खिट्टीही उजवीकडेच. तिच्यासाठी सायकलच्या ब्रेकची केबल ओढली, तर खिट्टी असा हिसका देई की फिल्मच्या कडेची भोकं टराटरा फाटत. काका स्प्रिंग बदलत, शिव्या देत, परत बदलत. एकदा स्प्रिंग उडून कुठे गेली ते कळलंच नाही. रांगत रांगत पलंगाखाली शोधून काकांनी डोकं आपटून घेतलं. ती स्प्रिंग सापडूच नये असं मागणं बायकोने देवाकडे मागितलं होतं, हे त्यांना ठाऊक नव्हतं. जेवतानाही त्यांच्या बोटांना कॅमेरे पुसायच्या बेंझिनचा वास येई.

रविवारी ते धूड मंडळींपुढे आलं. अक्कांनी मूठ दाबली. काहीच नाही. पुन्हा दाबली. आत काहीतरी करकरलं आणि सगळं अडकून बसलं.

मंडळीत येणारे एक निवृत्त बँकवाले जवळ आले. "अक्का, मोबाइल घ्या ना. एका बोटाचं काम. कशाला जिवाला त्रास?"

"त्रास मला नाही, याला होतोय," अक्का काकांकडे बघत म्हणाल्या.

"पुढच्या वेळेस होईल बघ. तार बदलतो," काका घाम पुसत म्हणाले.

"पुढच्या वेळेस मी येत नाही. मी आले की सगळे हातातलं सोडून माझ्याकडे बघत बसतात. तेवढं तर घरीही होतं."

काकांना ते फार लागलं. पाटी आपण लावली, आणि परत जाते आहे ती आपलीच बहीण. घरी येऊन त्यांनी सगळा जुगाड उपटून काढला. आठवड्याच्या मधेच एक दिवस मोकळा कॅमेरा, नवी फिल्म, नवी पट्टी आणि नवी तार पिशवीत घालून ते अक्कांकडे गेले. फिल्म भरली, कॅमेरा अक्कांच्या मांडीवर ठेवला आणि जमिनीवर बसून पट्टीला भोक पाडायची जागा आखू लागले.

"मापाला तुझी मूठ दे जरा," मान वर न करता ते म्हणाले.

मूठ पुढे आली नाही. मान वर केली तर अक्कांनी मांडीवरच भिंगाची कडी फिरवून अंतर लावलं होतं आणि डावं कोपर खुर्चीच्या हातावर टेकून कॅमेरा डोळ्याला लावला होता. उलटा. खालचं वर, वरचं खाली. खटका बरोबर त्यांच्या डाव्या अंगठ्याखाली.

"उलटा आहे तो! अगं, किती वेळा सांगायचं, असा नसतो धर..."

खटका पडला. स्वच्छ, सणसणीत.

अक्कांनी कॅमेरा मांडीवर घेतला, अंगठ्याने खिट्टी सारली, फिल्म पुढे गेली. "आतून सगळं सरळच दिसतं रे. तू पण सरळच दिसतोस, ओरडताना."

 पट्ट्या, तारा, पलंगाखालचं रांगणं, सगळं एकदम काकांच्या डोक्यात चढलं. "मग आधी बोलायला काय झालं होतं?"

"बोलणार कधी? पहिल्याच दिवशी धरला होता की मी. तूच काढून सरळ केलास. सून पेला काढून घेते, तसाच." अक्का जराही हसल्या नाहीत. "रविवारी येते. पण माझ्या कॅमेऱ्याला हात लावायचा नाही."

काका चडफडत घरी आले. राग कुणावर काढावा ते कळेना, तेव्हा त्यांनी ट्रेमधले स्क्रू डबीत ओतले आणि ट्रे बायकोपुढे आपटला. "घे तुझा बर्फ."

रविवारी धडा देताना ते दोन्ही हात खिशात कोंबून उभे होते. अक्कांच्या उलट्या कॅमेऱ्याकडे पाहून त्यांची बोटं खिशातल्या खिशात वळवळत होती.

फिल्म धुऊन झाली. कडेचे आकडे खाली डोकं वर पाय, चित्रं मात्र नीट. पहिलं चित्र अक्कांनीच भिंतीला लावायला लावलं. जमिनीवर बसलेला एक माणूस, हातात पट्टी, बोट रोखलेलं आणि तोंड भलं मोठं उघडलेलं.

"हा कोण भांडतोय?" बँकवाल्यांनी चष्मा सारखा करत विचारलं.

"शिकवतोय," अक्का म्हणाल्या.