बापूदादाचा ‘ओव्हर’

बापूदादाला ठेवलं होतं त्या गोव्याच्या इस्पितळातून त्याच्या मुलाचा, माझ्या भाच्याचा, फोन आला तेव्हा मी कुडाळच्या अंगणात आमसुलं वाळत घालत होते. “आत्ये, सगळं ओव्हर झालं गो,” एवढंच तो बोलला. मी फोन कानाला धरून तशीच उभी. आता आपण काहीतरी बोलायला हवं, असं वाटत राहिलं... पलीकडे तो रडत होता. त्याला आता दीड महिना होत आला, पण अजून मला एका जागी बसवत नाही. हे लिहितानाही दोनदा उठून उगाच परसदारी जाऊन आले.

बापूदादा माझा थोरला भाऊ. उमेदीची वर्षं त्यानं मालवाहू जहाजांवर वायरलेस ऑपरेटर म्हणून काढली. निवृत्त होऊन देवबागला आला तेव्हा मच्छीमार सोसायटीनं किनाऱ्यावरचा वायरलेस सेट त्याच्याच पडवीत बसवला. समुद्रात गेलेल्या होड्या त्यावरून बोलायच्या, वारा कसा आहे, कोण कुठे आहे. आपलं बोलणं संपलं की ‘ओव्हर’ म्हणायचं, ही सवय त्याच्या जिभेला इतकी चिकटली की जेवतानाही म्हणायचा, “आमटी वाढ, ओव्हर.” वहिनी म्हणायची, “तुमचा आपला कायतरीच!” बाकी गावात या शब्दाचे अर्थ निराळे. जास्त प्यायलेला सकाळी सांगे, काल जरा ओव्हर झाली. नखरेल पोरीला मैत्रिणी म्हणत, ओव्हर करू नको. वाळूतल्या क्रिकेटात सहा चेंडू पडले की ओव्हर, मॅच आटोपली तरी ओव्हर, आणि माणूस गेला तरी ओव्हरच.

शेजारच्या पार्वतीकाकीला हा शेवटचा अर्थ तेवढा ठाऊक होता. तिचा एकुलता मुलगा दत्ता होडीवर खलाशी. एका वर्षी पावसाळा तोंडावर आलेला असताना एकाएकी वादळ उठलं. सगळ्या होड्या माघारी आल्या, दत्ताची राहिली. मी तेव्हा माहेरी देवबागलाच होते. दुपारपासून अर्धं गाव आमच्या घरापुढच्या खळ्यात जमलेलं. बऱ्याच वेळानं खरखरीतून दत्ताचा आवाज आला, “बापूकाका, इंजिनात पाणी शिरला... ओव्हर.”

काकीनं ऊर बडवून घेतला, “माझो झील गेलो!”

बापूदादानं तिला हाताला धरून खुर्चीत बसवलं. “काकी, ओव्हर म्हणजे संपला नाय गो. ओव्हर म्हणजे माझा बोलून झाला, आता तू बोल. झील वाट बघता तुझी. बोल.” बोलायचं बटण त्यानंच दाबून धरलं.

काकी सेटकडे वाकून म्हणाली, “दत्तू, कमरेक कायतरी बांधून घे रे बाबा... माझी काळजी करू नको. मी बरी आसय.”

“होय गो आये,” पलीकडून आलं. पुढे नुसती खरखर.

होडीवरचे बाकीचे तिघे दुसऱ्या दिवशी देवगडच्या बाजूला जिवंत सापडले. दत्ता नाही.

त्यानंतर काकी रोज संध्याकाळी यायची. “माका बोलाक दी,” म्हणायची, आणि बापूदादा बटण दाबून धरायचा. आज काय रांधलं, गाय व्याली, छपराचा कोना गळतो... दत्ताला सगळं सांगायची. नारळी पौर्णिमेनंतर होड्या परत समुद्रात जाऊ लागल्या, तरी तेवढा वेळ त्यांतली एकही मध्ये बोलत नसे. माहेरी आले की मला ते बघवत नसे. एकदा मी तापलेच, “दादा, तू तिका खोट्या आशेक लावतस!”

“आशा खंयची? तिका सगळा म्हायती आसा,” तो म्हणाला. “पण तिचा बोलणा अर्धा रवला मा गो.” एवढं बोलून तो उठला आणि काळोख पडेपर्यंत किनाऱ्यावर येरझाऱ्या घालत राहिला. तो हे काकीसाठी करत होता, की दत्ताचा शेवटचा शब्द आपल्या कानांतून जाईना म्हणून? मला अजून उलगडत नाही. विचारायचं होतं... ते राहिलं.

दिवाळीच्या सुमाराला एका संध्याकाळी काकीनं बोलता बोलता त्याचा हात बटणावरून स्वतःच बाजूला केला. “बापू, झाला माझा. आता होड्यांका बोलांदी.” पुन्हा ती त्या खुर्चीत बसली नाही. पण बापूदादानं अंथरूण धरलं तेव्हा रोज सकाळी पेज घेऊन येणारी तीच होती.

बापूदादाचं तेरावं झाल्यावर भाचा सेट सोसायटीला परत करायला निघाला. वायरीला हात घालणार इतक्यात खरखर सुरू झाली. बातमी न पोचलेला कुणीतरी होता. “बापूकाका, निवतीसमोर आसव. वारो वाढता. थयसर येव की हयच थांबू? ओव्हर.”

भाचा माझ्याकडे बघू लागला, मी त्याच्याकडे. वहिनी स्वयंपाकघरातून ओल्या हातांनीच बाहेर आली. जन्मात तिनं त्या सेटला बोट लावलं नव्हतं. मुलाला बाजूला सारून ती खुर्चीत बसली, माडांमधून दर्याकडे एकदा नीट बघितलं आणि बटण दाबलं.

“बापू नाय रे आता. मी तेंची बायल बोलतंय. हय दर्या खवळलो आसा. तुमी निवतीच्या बंदराकच थांबा.”

 पलीकडून दबक्या आवाजात आलं, “बरा, काकी.”

भाचा पुढे झाला. वहिनीनं मानेनंच त्याला थांबवलं आणि मला म्हणाली, “भात तेवढो उतरून ठेवा, वन्सं. ते बंदराक लागले काय, ता आयकल्याशिवाय मी उठूचंय नाय.”