हमीदभाईंच्या दारातली बेंजोची सलामी

एकाच आठवड्यात लातूरची दोन निमंत्रणं आली आणि दोन्ही नेमकी एकाच शनिवारची निघाली. एक जाडजूड, सोनेरी काठाचं. तिथल्या एका बड्या कोचिंग क्लासने सभागृह बांधलंय, त्याचं उद्घाटन आणि 'लातूरचा पहिला रॉकर' म्हणून एका गिटारवाल्याचा जाहीर सन्मान. मी प्रवासावर आणि जुन्या गाण्यांवर ब्लॉग लिहिते, म्हणून मलाही पहिल्या रांगेत खुर्ची. दुसरं निमंत्रण हिरव्या कागदावरचं, हमीदभाईंच्या थोरल्या मुलीच्या, नाझनीनच्या लग्नाचं.

हमीदभाई म्हणजे आमच्या गल्लीतले बेंजोवाले. बाबा लातूरला मास्तर होते आणि आमचं भाड्याचं घर हमीदभाईंच्या दारासमोर होतं. बेंजो कधी पाहिला नसेल तर सांगते. गळ्यात अडकवायची लांबट लाकडी पेटी, तिच्यावर तारा आणि टाइपरायटरसारखी बटणं. डाव्या हाताने बटणं दाबायची, उजव्या हाताने तारा छेडायच्या. पेटीतून वायर निघते ती हातगाडीवरच्या अँप्लिफायरला आणि तिथून कर्ण्याला. मग जो आवाज होतो तो पत्रा कापल्यासारखा असतो, फक्त पक्का सुरात. वरात निघाली की आमच्या घरातली भांडी फळीवर थरथरायची आणि आई कानात बोटं घालून खिडकीतून बघत राहायची.

त्यामुळे 'पहिला रॉकर' हे शब्द वाचून माझं डोकंच फिरलं. रॉकला लागतं काय? तार, वीज आणि शेजाऱ्यांची तक्रार. ही तिन्ही हमीदभाईंकडे होती तेव्हा हा गिटारवाला दुधाच्या बाटलीवर असेल. माझा नवरा, अविनाश, म्हणाला, "अगं, वराती वाजवणाऱ्याला कोण रॉकर म्हणतं?" तेच तर दुखणं आहे! तिकीट लावून वाजवलं की कलाकार, आणि लोकांच्या आनंदात रस्त्यावर उभं राहून वाजवलं की बाजावाला. त्या दिवशी आमचं जेवण गार झालं.

तेवढ्यात हमीदभाईंचा फोन आला. "बेटा, नांदेडला मावशीकडं जाऊन येनार ना? तर बेंजोच्या तारा घिऊन ये. लातुरात आता भेटत न्हाईत. नाझनीनच्या रुखसतीला सलामी हाय."

सलामी ही बेंजोवाल्यांची आपसातली रीत. बेंजोवाल्याची मुलगी सासरी निघाली की आसपासच्या तालुक्यांतले बेंजोवाले बोलावल्याशिवाय येतात, दारात उभे राहतात आणि एकेक जण आपली ठेवणीतली चाल वाजवतो. कोणी काही घेत नाही. त्या धंद्यात पदक नाही, पेन्शन नाही, पेपरात फोटो नाही. आपल्या दारात किती बेंजो आले हाच काय तो मान. हमीदभाई जन्मभर दुसऱ्यांच्या दारात सलामी देऊन आले होते. आता त्यांच्या दाराची पाळी होती.

गुरुवारी गाडीने पुण्याहून निघून रात्री नांदेडला मावशीकडे उतरलो. तिच्या हातचा तहरी भात आणि शेंगदाण्याची चटणी खाल्ली की प्रवासाचा शीण जातो, हे मी शपथेवर सांगेन. शुक्रवारी सकाळी तारांच्या शोधात वाद्यांची दुकानं पालथी घातली. तिसऱ्या दुकानातल्या काकांनी चष्मा वर केला. "बेंजोच्या तारा? बाई, कोन वाजवून राहिलंय आता? गिटारच्या घ्या की. पोरं घेतेत, महिनाभर वाजवतेत, मंग क्लास लागला की परत आनून इकतेत." शेवटी माळ्यावरच्या डब्यात तारा सापडल्या. काकांनी त्या फुंकर मारून, जुन्या वर्तमानपत्रात गुंडाळून दिल्या.

नांदेड-लातूर रस्ता आता बरा आहे, पण वाटेत कंधारचा फाटा टाळू नका. थोडं वळण पडतं. किल्ल्याभोवती अजून पाण्याचा खंदक आहे, सकाळी गेलात तर गर्दी नसते. बाहेरच्या टपरीवर चहा उकळलेला, गोडमिट्ट. तिथे दोन मोटरसायकलवाले मित्राच्या वरातीबद्दल बोलत होते. "बेंजो नको बे, म्हातारे नाचतेत त्याच्यावर," एक म्हणाला. दुसरा म्हणाला, "मंग नाचू दे की, त्यायला कोन इचारतंय डीजेत?" मी त्या दुसऱ्याच्या चहाचे पैसे देणार होते, अविनाशने ओढून नेलं.

लातूरला जाणार असाल तर एक सल्ला. प्रवेशाच्या दिवसांत खोली आधी ठरवूनच जा. सगळे लॉज मुलांना सोडायला आलेल्या आई-बापांनी भरलेले असतात. आम्हाला मिळालेल्या खोलीत खिडकी होती, पण ती जिन्यात उघडत होती. खाली गाडीवर निलंगा राइस मात्र असा मिळाला की अविनाशने दुसरी प्लेट न विचारता मागवली.

मग गल्लीत गेलो, आणि मला गल्ली सापडेना. आमचं घर होतं तिथे सहा मजली हॉस्टेल. त्याला लागून अभ्यासिका, मेस, झेरॉक्स, पुन्हा हॉस्टेल. भिंतीभर गुणवंतांचे फोटो. भूकंपाच्या वर्षी या गल्लीतली माणसं महिनोन् महिने अंगणात झोपली होती, दोन मजल्यांच्या घरात जायला घाबरत होती. त्याच गल्लीत आता वर बघितलं तर मान दुखते. मधोमध हमीदभाईंचं बसकं घर आणि हिरवं दार तेवढं जागेवर होतं. आणि गल्लीच्या तोंडाशी फलक: 'अभ्यास क्षेत्र. वाद्ये वाजविण्यास सक्त मनाई.' खाली हॉस्टेल-मालकांच्या समितीचं नाव.

हमीदभाई दारातच भेटले. केस पांढरे, बोटं तशीच लांब. तारांचं पुडकं त्यांनी कपाळाला लावलं. मी फलकाबद्दल विचारलं तर म्हणाले, "हाय खरा. अर्ज दिलता म्या. एका तासाचा. न्हाई म्हनले."

"कोण नाही म्हणालं?"

"सर."

समितीचे अध्यक्ष म्हणजे ज्यांच्या सोनेरी निमंत्रणावर मी आले होते तेच क्लासवाले सर. मी चप्पल पायात सरकवली. अविनाश म्हणाला, "आधी पाणी तरी पी, मग भांड." तोवर मी गल्लीच्या टोकाला पोचले होते.

तिथेच सरांचं ऑफिस आणि शेजारी नवं सभागृह. सर अतिशय सभ्य. कोल्ड कॉफी मागवली, माझा ब्लॉग नियमित वाचतो म्हणाले. वाद्यांचा विषय काढल्यावर त्यांनी हात जोडले. "मॅडम, खेड्यापाड्यातली मुलं आहेत. आई-बाप पोटाला चिमटा घेऊन पाठवतात. एकाला परवानगी दिली की उद्या दहा जण येतील." खोटं नव्हतं ते, आणि मी गप्प बसणारच होते. पण सरांच्या पाठीमागे भिंतीवर हा एवढा मोठा फोटो: निकालाची मिरवणूक, उघड्या जीपवर गुलालाने माखलेली मुलं, पुढे डीजेची भिंत. आणि कडेला एक हिरवं दार.

"सर, ही आपलीच गल्ली ना?"

सरांनी मागे वळून पाहिलं. "तो आनंदाचा दिवस होता, मॅडम."

"मग उद्या काय दुखवटा आहे?"

सरांनी पेपरवेट इकडचं तिकडे केलं. मग तोडगा काढला. हमीदभाईंनी संध्याकाळी सभागृहाच्या दारात पाहुण्यांच्या स्वागताला वाजवावं, सरांच्या हस्ते त्यांनाही शाल देऊ. "स्टेजवर?" मी विचारलं. "दारातच. स्टेजवर रॉकचा कार्यक्रम आहे ना." माझी कॉफी अर्धी होती. ती तशीच ठेवून मी उठले.

निरोप ऐकून हमीदभाई हसले नाहीत की चिडले नाहीत. नव्या तारा चढवत होते, तेवढ्यात थांबले. "सरांना म्हनाव, शाल नको, रस्ता द्या. एक तास."

मी फोन करून शब्दशः सांगितलं. उत्तर आलं, नियम सगळ्यांना सारखा.

शनिवारी दुपारी निकाह झाला. गल्लीबाहेरच्या मैदानात दालचा-खान्याची पंगत बसली तेव्हा देगलूरचे गंगाराममामा माझ्या शेजारी होते. उदगीर, अहमदपूर, नांदेड, कुठून कुठून बेंजोवाले आले होते आणि सगळ्यांत वयस्कर हे. मामांनीच मला एक गोष्ट सांगितली. भूकंपानंतर किल्लारीकडच्या पत्र्याच्या शेडमध्ये पहिलं लग्न निघालं, तेव्हा वाजवायला कोणी तयार होईना. एवढी माणसं गेलेली, वाजवायचं कुठल्या तोंडानं? नवरीच्या आजोबांनी हमीदभाईंना बोलावून घेतलं. "लाइट नव्हती पोरी. ट्रॅक्टरच्या बॅटरीवर वायर जोडली ह्यानं. आन् असा वाजवला, असा वाजवला! लोक रडून राहिले आन् नाचून राहिले. म्या कर्णा धरून हुतो, माझेबी पाय थांबनात." मामांनी पाण्याचा घोट घेतला. "ते म्हातारं म्हनलं, आता गाव हाय म्हनून वाटतंय."

सांगा मला, याला रॉक म्हणायचं नाही तर कशाला म्हणायचं?

चार वाजता रुखसतीची वेळ झाली. दारात बेंजोवाले ओळीने उभे राहिले, गळ्यात बेंजो, प्रत्येकाची पेटी वेगळ्या रंगाची. हातगाडीवर अँप्लिफायर चढवलेला. समितीचे दोघे आणि एक पोलीस गल्लीच्या तोंडाशी. मी हमीदभाईंच्या कानाशी लागले, "वाजवा. मी बघते कोण अडवतं ते." त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि मग ओळीकडे वळून म्हणाले, "वायरी काढा. पोरीच्या लग्नात झगडा नको."

मला त्यांचाही राग आला. खरंच आला. जन्मभर भांडी थरथरवली या माणसाने आणि आज स्वतःच्या दारात मान खाली? पण एकेकाने वायर काढली, गुंडाळून खिशात ठेवली. नाझनीन उंबऱ्यावर आली. गंगाराममामांनी बेंजो छेडला.

वायर नसली की बेंजो हातभर अंतरावरच ऐकू येतो. तारांची बारीक कुणकुण आणि बटणांची टकटक, बस. मामांनंतर उदगीरचे, मग नांदेडचे. प्रत्येक जण पूर्ण चाल वाजवत होता, डोळे मिटून, कर्णा लागलेला असावा तसा जोर लावून. नाझनीनला ऐकू येईना, म्हणून ती एकेकाच्या पुढ्यात जाऊन, पेटीजवळ कान नेऊन उभी राहिली. शेवटी हमीदभाई. त्यांच्या पेटीवर तिने डोकंच टेकलं. वरच्या खिडक्या उघडल्या होत्या. तिसऱ्या मजल्यावरून एक मुलगी ओरडली, "काका, मोठ्यानं वाजवा की! आमाला काय त्रास न्हाई!" आतून कुणीतरी ती खिडकी लावून घेतली. मी ढसाढसा रडत होते आणि रागाने माझे कान तापले होते.

संध्याकाळी मी सभागृहात गेले, कारण मला बघायचंच होतं. गिटारवाला माणूस चांगला होता, त्याच्यावर माझा राग नाही. लातूर म्हटल्यावर त्याला आजोळचे पेरू आठवले. त्याने चार गाणी म्हटली, त्यातली दोन बसून. एसी बंद पडला म्हणून सभागृहाची दारं उघडली आणि तो सगळा दणदणाट सरळ गल्लीत गेला. पोलीस पहिल्या रांगेच्या कडेला उभा राहून टाळ्या वाजवत होता. 'पाहुण्यांनी मनोगत व्यक्त करावं' अशी चिठ्ठी माझ्याकडे आली. मी माईकवर गेले आणि एवढंच विचारलं, "दुपारी चार वाजता याच गल्लीत काय झालं ते इथे कोणाला ऐकू आलं का?" निवेदकाने पटकन माझे आभार मानले आणि माईक काढून घेतला.

रविवारी मुरुड-बार्शीमार्गे परत निघालो. हा रस्ता अबोला धरलेल्या नवरा-बायकोसाठी उत्तम आहे, खड्डे आले की आपोआप बोलावं लागतं. मुरुडच्या अलीकडे रस्ता अडला. पुढे वरात होती आणि वरातीपुढे, खरं सांगते, बेंजो. हातगाडी, कर्णा, वायर, सगळं जागेवर. एरवी दर सिग्नलला हॉर्नवर बसणाऱ्या अविनाशने न बोलता इंजिन बंद केलं. मागच्यांनी मात्र हॉर्नचा कल्ला सुरू केला. मी उतरले, पदर खोचला, रस्त्याच्या मधोमध उभी राहिले आणि एका पांढऱ्या गाडीवाल्याला म्हटलं, "थांबा. लग्न आहे." तो म्हणाला, "बाई, रस्ता काय तुमचा हाय का?" म्हटलं, "नाही, आत्ता त्यांचा आहे." वरात पूर्ण वळेपर्यंत मी तिथेच होते. उन्हाने डोकं उठलं ते पुण्याला पोचेपर्यंत दुखत होतं.

घरी येऊन आठवडा झाला. सोहळ्यात पाहुणी म्हणून मला मिळालेली शाल अजून पिशवीतच आहे. काल सरांच्या ऑफिसातून निरोप आला: सोहळ्याबद्दल ब्लॉगवर लिहावं आणि पुढच्या वर्षीच्या सन्मानासाठी नाव सुचवावं. लिहायचं ते वर लिहिलंच आहे. नाव मी सुचवलं नाही. कळवलं, की हमीदभाईंच्या धाकटीचं, शाहीनचं, ठरतंय. तिच्या रुखसतीला चार ते पाच गल्ली द्या, आणि फलकावर कापड टाका. मग हमीदभाईंना फोन करून सांगितलं की या खेपेला वायरी काढायच्या नाहीत.

ते म्हणाले, "बेटा, मंग तारा जास्ती आन. मोठ्यानं वाजवताना तुटतेत."